परवाना कुणाचा, गुन्हा कुणाचा?

दारूबंदी असावी की नसावी हा वाद चंद्रपूर-गडचिरोलीत इतकी वर्षे चालला आहे की दोन्ही बाजूंची वाक्ये आता सगळ्यांना पाठ झाली आहेत. मला हा वाद अपुरा वाटतो. बंदी येते, बंदी उठते. पण दारू विकण्याचा हक्क कुणाच्या हाती राहतो आणि दारूचा गुन्हा कुणाच्या नावावर नोंदला जातो, हे दोन प्रश्न त्या वादात येतच नाहीत. दलित-आदिवासींच्या चळवळीने आधी हे प्रश्न विचारले पाहिजेत. त्यासाठी कायद्याची रचना समजून घेणे भाग आहे.

आपल्या राज्यातील कायदा १९४९ चा. तेव्हा तो मुंबई दारूबंदी कायदा होता, आज त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्याचे नाव बंदीचे असले तरी काम परवान्याचे आहे. दारू गाळणे, नेणे, जवळ बाळगणे, विकणे हे सारे या कायद्याने गुन्हा ठरते आणि सरकारी कागद हाती असला की तेच कृत्य व्यापार होते. दारूचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे दारूचा व्यापार ही सरकारने दिलेली सवलत आहे. मग ती सवलत कुणाला मिळाली, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

ही सवलत साखळीने उतरते. वर कारखाना, मध्ये ठोक विक्रेता आणि खाली दुकान. देशी दारूचे दुकान, वाइन शॉप, परमिट रूम, बिअर शॉपी या प्रत्येकाचा परवाना वेगळा. यातील देशी दारूच्या दुकानांचे आणि वाइन शॉपचे नवे परवाने देणे सरकारने १९७० च्या दशकाच्या आरंभी थांबवले. दारूचा प्रसार वाढू नये, हा त्यामागचा सांगितलेला हेतू. परिणाम मात्र वेगळा झाला. लोकसंख्या वाढली, खाणी वाढल्या, शहरे वाढली, गिऱ्हाईक वाढले. दुकानांचे परवाने मात्र तेवढेच राहिले. दरवर्षी शुल्क भरून नूतनीकरण होते, सरकारच्या मंजुरीने परवाना दुसऱ्याच्या नावावर चढतो, वारसाकडेही जातो. लोकहितासाठी घातलेले हे बंधन अशा रीतीने जुन्या परवानेदारांच्या मिळकतीभोवतीचे कुंपण झाले. ज्या काळी हे परवाने वाटले गेले त्या काळी भांडवल, मोक्याची जागा आणि कचेरीतली ओळख कुणाजवळ होती, हे या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. दार बंद झाले तेव्हा जे आत होते ते आत राहिले.

आता चंद्रपूरकडे पाहू. शेजारचा वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून कोरडा. चंद्रपूरच्या स्त्रियांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानसभेवर पायी मोर्चा नेला. पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गार यांनी हा लढा पुढे चालवला, ग्रामपंचायतींनी ठराव केले आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. या स्त्रियांची मागणी अगदी साधी होती: मजुरी घरात यावी, मार थांबावा. त्या मागणीची टिंगल करणाऱ्यांनी एखाद्या कोळसा खाणीच्या वसाहतीत पगाराच्या दिवशी जाऊन यावे.

पण बंदीने मागणी संपत नाही, तिची वाट बदलते. चंद्रपूरच्या सीमेला वणीकडून यवतमाळ लागतो, उमरेडकडून नागपूर, राजुऱ्याच्या पलीकडे तेलंगण. तिथली दुकाने परवान्याचीच. तिथे कायदेशीर विकली गेलेली बाटली सीमा ओलांडताच बेकायदेशीर होते आणि तिची किंमत वाढते. ही वाढीव किंमत म्हणजे जोखमीची मजुरी. ती जोखीम घेतो पिशवी वाहणारा पोरगा, चुलीमागे चार बाटल्या ठेवणारी विधवा. कलम ६५ खाली पकडली जाते तीच. सीमेपलीकडचा दुकानदार आपला माल रोखीने विकून मोकळा झालेला असतो.

२७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. अवैध दारू वाढली, बायका-मुले त्या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला, ही कारणे सांगितली गेली. ती खोटी नव्हती. पण त्या निर्णयानंतर जे घडले त्याकडे नीट पाहा. बंदीपूर्वीचे परवानेच पुन्हा जिवंत झाले आणि जुलैत जुनी दुकाने उघडली. सहा वर्षांत ज्यांच्यावर गुन्हे नोंदले गेले त्यांचे खटले मात्र बंदीबरोबर उठले नाहीत. मिळकत परत मिळाली, बदनामी तशीच राहिली. आज वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी-सावलीत विक्री खुली आहे आणि पलीकडे गडचिरोलीत बंदी आहे. वणी-चंद्रपूरचे गणित आता नदीवर आले आहे, एवढाच फरक.

दुकान खाली आहे, कारखाना वर, आणि नियम वरच्यांच्या सोयीने वाकतात. २००७ मध्ये सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देऊ केले. त्यात राजकारण्यांची आणि त्यांच्या नातलगांची नावे निघाली आणि राज्यभर विरोध झाला. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवताना 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार निर्माण केला गेला. १८० मिलिलिटरची किमान किंमत देशीला ८० रुपये, या नव्या प्रकाराला १४८, विदेशीला २०५. बाजारातील स्पर्धेने हे अंतर ठरवलेले नाही. राज्यातील कारखान्यांसाठी सरकारी आदेशाने ते आखले आहे. पुढच्याच महिन्यात ३२८ नव्या दुकान-परवान्यांचा प्रस्ताव चर्चेत आला, तोही दारू बनवणाऱ्या कंपन्यांसाठी. पन्नास वर्षांनी दार किलकिले करायचे ठरले तेव्हाही उंबऱ्यावर कारखानदारच उभा होता.

या साऱ्यात मोहफुलाला जागा कुठे? आदिवासीच्या रानातले फूल वेचण्यावरची आणि साठवण्यावरची बंधने २०२१ मध्ये सैल झाली; पण त्याची दारू गाळणे गुन्हाच आहे. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य मानून आदिवासी बचतगटांना ती बनवण्याची परवानगी दिली. तेलंगणाने २०२१ मध्ये दुकानांच्या वाटपात ताडी काढणाऱ्या गौड समाजाला १५, अनुसूचित जातींना १० आणि जमातींना ५ टक्के राखीव ठेवले. तिथे दुकाने ठराविक मुदतीसाठी चिठ्ठ्या टाकून दिली जातात. आपल्या पोरांनी गुत्तेदार व्हावे, असे मला म्हणायचे नाही. परवाना पिढीजात नसला तरी राज्य बुडत नाही, एवढेच यातून दिसते.

बाबासाहेबांनी या प्रश्नाची दोन अंगे वेगळी ठेवली होती. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला उघड विरोध आहे: तिने महसूल बुडतो आणि दारू घराघरात गाळली जाऊन बायका-मुलांपर्यंत पोहोचते. विकासाला पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाच्या उत्तरात तो विरोध आला आहे. आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात व लगेच चंद्रपुरात दीक्षा देताना त्यांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती नाही. प्रतिज्ञा माणसाने स्वतःला घालून घेतलेली शिस्त आहे. कायदा सत्तेचे हत्यार आहे आणि ते कुणावर चालते हे तपासावे लागते. २०२१ च्या सरकारने बाबासाहेबांचा अर्धा युक्तिवाद उचलला. तो महसूल खाणकामगारांच्या मुलांच्या शाळेकडे वळवण्याचा उरलेला अर्धा तसाच राहिला.

म्हणून कार्यकर्त्यांनी आता वेगळी मागणी केली पाहिजे. २००८ च्या आदेशानुसार दुकान बंद करायचे तर यादीतील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीवर मत द्यावे लागते. घरी राहिलेली, कामावर गेलेली, स्थलांतरित झालेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने धरली जाते. परवानेदाराला मात्र दरवर्षी फक्त शुल्क भरावे लागते. हे उलटे करा. नूतनीकरणासाठी दर खेपेस परवानेदाराने ग्रामसभेची संमती आणावी. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक द्रव्यांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिलाच आहे. गडचिरोलीत तो वापरात आणा, चंद्रपूरच्या उरलेल्या गावांसाठी तसाच मागा. परवान्याची मुदत ठरवा, वारसाहक्क बंद करा. आणि बंदीच्या काळातील किरकोळ खटले मागे घ्या.

दारू सोडणे आपल्या हाती आहे आणि ते आपण केलेच पाहिजे. पण जो कायदा एकाच बाटलीसाठी एकाला परवाना देतो आणि दुसऱ्याला कोठडी, त्याला निव्वळ नीतीचा कायदा समजण्याचा भोळेपणा आपल्याला परवडणारा नाही.