पेनड्राइव्हवरचा आपला ब्राउझर

सुट्टीत भारतात गेलो की कधी ना कधी भावाच्या नाहीतर मामाच्या कॉम्प्युटरवर बसायची वेळ येते. परतीचं तिकीट बघायचं असतं, मुलांच्या शाळेची ईमेल वाचायची असते. पण आपले बुकमार्क तिथे नसतात, आणि आपला पासवर्ड तिथेच राहून गेला तर, ही धास्ती असतेच.

यावर उपाय म्हणजे फायरफॉक्स पोर्टेबल. विंडोजसाठीची ही आवृत्ती पोर्टेबलअ‍ॅप्स डॉट कॉमवर मोफत मिळते. इन्स्टॉल करताना जागा विचारली की पेनड्राइव्ह निवडा. मग बुकमार्क, हिस्टरी, अ‍ॅड-ऑन आणि साठवलेले पासवर्ड पेनड्राइव्हवरच्या फोल्डरमध्येच राहतात. काम झालं की आधी ब्राउझर बंद करा, मग ‘इजेक्ट’ करूनच पेनड्राइव्ह काढा. घाईत ओढून काढला तर फाइल बिघडू शकते.

आता दोन गोष्टी नीट ऐका. पेनड्राइव्ह हरवला तर ज्याच्या हाती पडेल त्याला आतले पासवर्ड वाचता येतात. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘प्रायमरी पासवर्ड’ आधीच लावून ठेवा. दुसरं, त्या कॉम्प्युटरमध्येच व्हायरस असेल, तर तुम्ही टाइप केलेलं अक्षर न् अक्षर तो टिपू शकतो. तिथे पोर्टेबल ब्राउझरचा इलाज चालत नाही. तेव्हा बँकेचे व्यवहार स्वतःच्या फोनवरूनच करा.

आणि हो, बॅग भरण्याआधी ब्राउझर अपडेट करायला विसरू नका. प्रवास सुखाचा होवो!