बोरघाट आणि मुठीएवढा बुश

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना मोटारीच्या पुढच्या चाकांवर जो ताण येतो, तो सपाटीवर सहसा येत नाही. उतार लांबलचक, ब्रेकवर पाय वारंवार जाणार आणि त्यातच वळण. ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, चाक लोअर आर्मला, म्हणजे त्याला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भुजेला, ढकलतं आणि लोअर आर्म शेवटी टेकतो तो दोन बुशांवर. हे दोन बुश म्हणजे लोखंडी नळ्यांमध्ये चिकटवलेलं मुठीएवढं रबर. गाडीत शंभर अश्वशक्ती असो वा तीनशे, वळणावर चाक नेमकं कुठे उभं राहणार हे बऱ्याच अंशी या रबरावर ठरतं.

मावळातल्या वेगवान गाड्यांच्या हौशी मंडळींमध्ये आधी इंजिनाची चर्चा होते, मग टायरची, मग स्प्रिंगची. बुशाची पाळी शेवटी येते. खरं तर ती आधी यायला हवी.

या भागात चांगल्या गाड्यांची वानवा नाही. शेजारच्या खेड तालुक्यात चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला आणि तिथेच बनलेल्या पोलोने एका पिढीला गाडी चालवण्याची गोडी लावली. 2010 मध्ये याच पोलोची शर्यतमालिका भारतात सुरू झाली. 2013 मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयचं 1.2 लिटरचं इंजिन 105 पीएस ताकद आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क देत असे. 2022 मध्ये पोलोचं उत्पादन थांबलं, तरी जुन्या पोलोची हौस ओसरलेली नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाची ड्रॅग शर्यत भरत आली आहे. तिथे सरळ रेषेत सुटणाऱ्या गाडीलाही बुशाचं महत्त्व कळतं. पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी जोरात सुटली की चाकं लोअर आर्मला पुढे ओढतात, रबर दबतं, परत उसळतं आणि चाक रस्त्यावर थडाथडा उड्या मारू लागतं. इंजिनाची वाढवलेली ताकद मग रस्त्यावर उतरतच नाही.

कारखान्याने रबर का निवडलं, हे समजून घेतल्याशिवाय ते बदलायला जाऊ नये. रबर कंपन गिळतं, आवाज गिळतं आणि त्याला वंगण लागत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर नळीभोवती फिरत नाही, ते स्वतः पिळलं जातं. कुटुंबाला घेऊन मुंबईला जाणाऱ्या माणसासाठी याहून चांगली सोय नाही. 94.5 किलोमीटरच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर काँक्रीटचे सांधे एकामागून एक टपटपत जातात. ती टपटप आसनापर्यंत पोचू न देण्यात या रबराचा मोठा वाटा असतो. पण दबणारं रबर चाकालाही जागचं हलू देतं. जोराच्या ब्रेकखाली चाकाचा टो, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेला कोन, बदलतो, स्टिअरिंग ढिलं वाटतं आणि चालकाला वळणाच्या मध्येच पुन्हा दुरुस्ती करावी लागते.

यावरचा बाजारातला उपाय पॉलियुरेथेनचा. ब्रिटनची पॉवरफ्लेक्स, ऑस्ट्रेलियाची व्हाइटलाइन आणि सुपरप्रो या कंपन्यांची नावं हौशींना पाठ असतात. हा पदार्थ मूळ रबरापेक्षा साधारणपणे कडक असतो आणि तो लोखंडी नळीला चिकटवलेला नसतो. नळीभोवती तो फिरतो, म्हणून त्याला वंगण लागतं. ते कोरडं पडलं की गतिरोधकावर कुईकुई सुरू होते.

ॲडजस्टेबल बुशाची करामत याच्याही पुढची आहे. त्याचं भोक मधोमध नसतं, काही मिलिमीटर एका बाजूला असतं. बुश ज्या दिशेला फिरवून बसवाल, त्या दिशेला आर्मचा टेकू सरकतो. लोअर आर्मचा मागचा टेकू बाहेर, म्हणजे चाकाच्या बाजूला, सरकवला की आर्म पुढच्या बुशाभोवती किंचित वळतो आणि खालचा बॉलजॉइंट पुढे जातो. याने कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा बाजूने पाहता मागे कललेला कोन, वाढतो. बॉलजॉइंट आणि वरच्या स्ट्रट माउंटमध्ये 600 मिलिमीटर अंतर धरलं, तर बॉलजॉइंट 5 मिलिमीटर पुढे गेल्यावर कॅस्टर जवळपास अर्ध्या अंशाने वाढतो. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण हाताला तो कळतो. स्टिअरिंग थोडं जड होतं, वळण सुटलं की आपणहून सरळ यायला बघतं आणि चाक वळवल्यावर बाहेरच्या टायरची रस्त्यावरची पकड सुधारते.

बसवण्याचं काम मात्र निगुतीने करावं लागतं. आर्म काढण्याआधी जुन्या बुशाची दिशा रंगाने खुणावून ठेवायची. जुना बुश प्रेस मशीनवर दाबून काढायचा. मावळातल्या पावसाने बाहेरची नळी गंजून बसलेली असेल तर तिला करवतीने आतून चीर द्यावी लागते आणि तेव्हा पातं आर्मच्या धातूत उतरू द्यायचं नाही. आर्मचं भोक घासून गुळगुळीत करायचं. नव्या बुशाला आतून-बाहेरून किटमध्ये दिलेलंच ग्रीस लावायचं, कारण पेट्रोलियमवर आधारलेलं साधं ग्रीस काही प्रकारच्या बुशांना मानवत नाही. मग येते बाणाची खूण. डाव्या आणि उजव्या बुशावरचे बाण आरशातल्यासारखे समोरासमोर जुळले पाहिजेत. एका बाजूचा बाण चुकला तर दोन चाकांचा कॅस्टर वेगळा पडतो आणि गाडी एका अंगाला ओढत राहते.

बोल्ट आवळण्याच्या वेळी सगळ्यांत जास्त घाई होते. गाडी लिफ्टवर लटकलेली असताना चाकं खाली लोंबत असतात. त्या स्थितीत रबरी बुशाचा बोल्ट पक्का आवळला तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. पॉलियुरेथेनचा बुश फिरता असल्याने त्याला ही अडचण कमी, पण बहुतेक वेळा आर्मचा दुसरा बुश मूळचा रबरीच ठेवलेला असतो. म्हणून शेवटची आवळणी गाडीचं वजन चाकांवर असताना, टॉर्क रेंच घेऊन, कंपनीने दिलेल्या मापानेच करायची. त्यानंतर अलाइनमेंट हवीच, कारण कॅस्टर हलला की टोही हलतो.

सगळे बुश एकदम कडक करण्याचा मोह मात्र आवरावा. पवना धरणाकडे जाणारा किंवा कामशेतच्या आतल्या गावांचा रस्ता पावसाळ्यानंतर खड्ड्यांनी भरतो. तिथे सगळीकडून कडक केलेली गाडी अंग मोडून काढते आणि प्रत्येक हादरा गाडीच्या मोनोकॉक सांगाड्यापर्यंत पोचवते. लोणावळ्यात राहणाऱ्या आणि हीच एकुलती गाडी वापरणाऱ्याने लोअर आर्मचा मागचा बुश तेवढा बदलावा आणि बाकीचे रबरी ठेवावेत, हा व्यवहारी मार्ग. ब्रेकखाली आर्मला मागे-पुढे होण्यापासून रोखण्याचं मुख्य काम तोच करतो. धावपट्टीवर किंवा शर्यतीच्या मार्गावरच जाणाऱ्या गाडीचा हिशेब निराळा.

पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी, आर्मजवळचं चिखल-पाणी धुऊन बुशाच्या कडा टॉर्चने पाहाव्यात. ग्रीस वाहून गेलं असेल तर बुश उघडून पुन्हा भरावं. नवा बुश बसवल्यानंतर काहीशे किलोमीटरवर बोल्ट एकदा तपासावेत. तेवढ्यात गाडी घाट चढून-उतरून आलेली असली, तर तपासणीला आणखी अर्थ येतो.