टर्मिनस कुठे लपले आहे?

'डिसाइड' आणि 'डिटर्मिन' या दोन्ही इंग्रजी शब्दांचा अर्थ आपण सरसकट 'ठरवणे' असाच करतो. मला मात्र ते सख्खे भाऊ वाटत नाहीत. 'डिसाइड'च्या पोटात लॅटिनमधले 'कापणे' आहे. आपले 'एक घाव, दोन तुकडे'च म्हणा ना! 'डिटर्मिन'च्या पोटात आहे 'टर्मिनस', म्हणजे सीमा, शेवट. १९९६ साली बोरीबंदरच्या स्टेशनचे नाव बदलले, तरी त्यातले टर्मिनस राहिलेच.

आता गंमत ऐका. आमच्या शेजारच्या नानांना घरमालकाच्या वकिलाची नोटीस आली : पंधरा दिवसांनंतर तुमची टेनन्सी 'डिटर्मिन' होईल. नाना खूष! आपली जागा एकदाची कायम ठरली, या समजुतीने त्यांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १११ वे कलम मी त्यांच्यापुढे उघडून धरले. तिथे 'डिटर्मिनेशन' म्हणजे भाडेपट्टा संपणे! (आपल्या 'तड लावणे'तली तड म्हणजेही काठच की.)

पंधरापैकी अकरा दिवस आनंदात गेले होते. उरलेल्या चारांत नानांना वकील गाठायचा होता.