एकच चेहरा, दोन बायका

थाई मालिकांची दुनिया : लेखांक सहावा

२१ फेब्रुवारी २०१८ च्या बुधवारी रात्री थायलंडच्या चॅनेल ३ वर 'बुप्फेसन्निवात' ही मालिका सुरू झाली. आठवड्यातून दोन दिवस, बुधवारी आणि गुरुवारी, ती लागायची. अवघे १५ भाग झाले आणि ११ एप्रिलला मालिका संपलीसुद्धा. तेवढ्या सात आठवड्यांत अयुथ्या या जुन्या राजधानीतल्या वाट चायवत्थनाराम मंदिराच्या भग्न आवारात माणसांची रीघ लागली. बायका खांद्यावरून रेशमी 'सबाय' घेऊन आणि काष्ट्यासारखं मागे खोचलेलं 'चोंग क्राबेन' नेसून तिथे फोटो काढून घेत होत्या. देशाच्या पंतप्रधानांनी कलाकारांना सरकारी कार्यालयात बोलावून त्यांची भेट घेतली. मालिकेचा नायक नायिकेला ज्या जुन्या शब्दाने हाक मारायचा, तो 'ऑ-चाव' हा शब्द दुकानांच्या पाट्यांपासून जाहिरातींपर्यंत सगळीकडे दिसू लागला.

जुन्या काळावरच्या मालिका थायलंडमध्ये दरवर्षी येतात. देखणे चेहरे तर प्रत्येक वाहिनीकडे असतात. मग याच जोडीने लोकांना एवढा लळा का लावला? पात्रांची निवड आणि दोन पात्रांमध्ये जमून येणारी गोष्ट, म्हणजे आपण सर्रास जिला 'केमिस्ट्री' म्हणतो ती, समजून घ्यायला या मालिकेइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. म्हणून आजचा अख्खा लेखांक तिच्यासाठी.

गोष्ट थोडक्यात सांगते. केतसुरांग ही आजच्या काळातली पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. अंगाने जाड, स्वभावाने प्रेमळ, खाण्याची आणि बोलण्याची हौस असलेली. एका मोटार अपघातात ती मरते. तिकडे सतराव्या शतकातल्या अयुथ्येत काराकेत नावाची सरदारघराण्यातली मुलगी आहे. रूपाने देखणी, पण मनाने क्रूर. दासींना मारझोड करणारी. आपल्या वाग्दत्त वराचं मन चांवाद नावाच्या मुलीकडे ओढलं जातंय असं वाटून ती चांवादची होडी बुडवायचा डाव रचते. त्यात एका निष्पाप दासीचा जीव जातो. गुन्हेगार सापडावा म्हणून घरात कृष्णकालीचा मंत्र म्हटला जातो आणि त्या मंत्राने काराकेतचा अंत होतो. तिच्या देहात जागी होते ती केतसुरांग. घर तेच, चेहरा तोच, आत बाई मात्र दुसरी. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलंय तो देत, म्हणजे 'फी मुएन', या चेहऱ्याचा मनापासून तिरस्कार करतो.

रॉम्फेंग या लेखिकेची मूळ कादंबरी, सन्लया सुखानिवत यांची पटकथा, फवात पनांगखासिरी यांचं दिग्दर्शन. या सगळ्यांनी मिळून प्रेमकथेचा पाया इथेच घातला. नायक नायिकेला पहिल्यांदा बघतो आणि घायाळ होतो, असं काही इथे घडत नाही. तो तिला आधीपासून ओळखतो आणि त्या ओळखीमुळेच तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. प्रेक्षकालाही त्याचा राग अनाठायी वाटत नाही, कारण पहिल्या भागात खऱ्या काराकेतचा दुष्टपणा आपण स्वतः पाहिलेला असतो.

आता पात्रनिवडीकडे येऊ. थाई मालिकांत साचे ठरलेले असतात. 'फ्रा एक' म्हणजे नायक, 'नांग एक' म्हणजे नायिका आणि 'नांग राय' म्हणजे खलनायिका. वाहिन्या नटनट्यांना करारावर बांधून ठेवतात हे मागच्या लेखांकात आपण पाहिलं. त्या पद्धतीत एकदा खलनायिका झालेली नटी बहुधा खलनायिकाच राहते, आणि नायिकेची भूमिका करणारीने सोज्वळपणाची चौकट मोडायची नसते. 'बुप्फेसन्निवात'मध्ये हे दोन्ही साचे एकाच नटीच्या हाती दिले गेले. रानी कॅम्पेन, चाहत्यांची बेला, हिने आधुनिक केतसुरांग केली, दुष्ट काराकेत केली आणि काराकेतच्या देहातली केतसुरांगही तिनेच केली. पहिल्या भूमिकेसाठी तिला रंगभूषेने जाड करावं लागलं. पण पुढच्या दोन भूमिकांत रंगभूषेची मदत शून्य. दागिने तेच, केशरचना तीच, दासीही त्याच. फरक दाखवायचा तो फक्त अंगातून.

तो फरक तिने कसा दाखवला हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. काराकेत बसते तेव्हा तिची मान ताठ असते, हनुवटी वर असते आणि नजर समोरच्याच्या डोक्यावरून जाते. केतसुरांग त्याच देहात येते आणि ते शरीर जणू सैलावतं. ती मान पुढे काढून बघते, डोळे मोठे करते, ओठ मुडपून हसू दाबते आणि हटकून तिथेच फसते. पिन आणि याम या दोन दासी आधी तिच्यासमोर थरथर कापायच्या. त्यांच्याशी ती गोड बोलते, तर त्या आणखीच घाबरतात. बाईसाहेबांना कुणीतरी झपाटलंय अशी त्यांची खात्री होते. हा प्रसंग विनोदी आहे, पण त्यात प्रेमकथेचं बी आहे. माणूस बदललाय हे घरात सर्वांत आधी कळतं ते दासींना, कारण त्याच्या स्वभावाची किंमत रोज त्याच मोजत असतात. देतला तिचा बदल प्रथम दिसतो तो तिच्या रूपात नव्हे, तर दासींच्या चेहऱ्यावरची भीती ओसरताना.

देतची भूमिका थनवत वत्थनापुती ऊर्फ पोप याने केली. तो आणि बेला दोघंही २०१३ मधल्या 'सुफापबुरुत चुताथेप' या पाच मालिकांच्या गाजलेल्या संचात होते, पण वेगवेगळ्या कथांमध्ये. तिथे ती एकमेकांची जोडी नव्हती. इथे पोपकडे दिलेलं काम दिसायला सोपं आणि करायला फार अवघड होतं. हा नायक दरबारी घराण्यातला, मोजकं बोलणारा, आईवडिलांसमोर भावना न दाखवणारा. बेला सतत काहीतरी करत असते. ती बोलते, धावते, खाते, प्रश्न विचारते. पोपने फक्त बघायचं असतं. आधी संशयाने, मग कुतूहलाने, मग नकळत कौतुकाने. हसू आलं की तो तोंड फिरवतो आणि पुन्हा वळतो तेव्हा चेहरा कोरा असतो. प्रेक्षकाने मात्र ते हसू पाहिलेलं असतं. नायकाने जगापासून लपवलेली आणि फक्त आपल्याला कळलेली गोष्ट बघणाऱ्याला त्या जोडीत सामील करून घेते. 'ऑ-चाव' ही हाक सुरुवातीच्या भागांत तो दटावणीसारखी मारतो. भाग पुढे सरकतात तसा त्याच हाकेचा सूर उतरत जातो.

केमिस्ट्री म्हणजे दोन सुंदर माणसांनी शेजारी उभं राहणं नव्हे. एकाच्या वागण्यामुळे दुसऱ्याच्या मनात काय हलतं आणि ते आपल्याला दिसतं की नाही, यावर ती ठरते. त्यासाठी लेखकाने पात्राला काहीतरी करायला द्यावं लागतं. केतसुरांग काय काय करते पाहा. वाळू-कोळशाचे थर लावून पाणी गाळायची सोय करते. नदीतली मोठी कोळंबी भाजून झणझणीत आंबट चटणीबरोबर घरच्यांना खाऊ घालते. आजच्या थायलंडमध्ये घरोघरी लाडक्या असलेल्या 'मू क्राता'साठी लोहाराकडून खास तवा घडवून घेते. या प्रत्येक उद्योगात घरातली माणसं तिच्याजवळ येतात. देतची करारी आई खुनयिंग चंपा हळूहळू विरघळते आणि देतला तिच्याकडे बघायला पुन्हा एक कारण मिळतं. प्रेम इथे ताटातून, पाण्याच्या घागरीतून आणि अंगणातल्या धुरातून पुढे सरकतं. म्हणून ते पटतं.

या मालिकेचं मोल कळायला तिच्या आधीची परंपरा माहीत हवी. थाई मालिकांत 'तोप-चूप', म्हणजे थप्पड आणि चुंबन, नावाचा एक अख्खा प्रकार रुजलेला आहे. नायक गैरसमजातून नायिकेचा सूड घेतो, तिच्यावर बळजबरी करतो आणि शेवटी तीच त्याच्या प्रेमात पडते. २००८ च्या 'चामलोय राक'मध्ये भावाच्या मृत्यूचा दोष माथी मारून नायक नायिकेला पळवून नेऊन डांबतो. त्याच वर्षीच्या 'सवान बियांग'मध्ये नायक नायिकेवर अत्याचारच करतो. दोन्ही मालिका तुफान चालल्या आणि दोन्हींतल्या जोड्या आजही आवडीने आठवल्या जातात. त्या नटांच्या अभिनयाबद्दल मला आदर आहे. पण भीतीतून उठणाऱ्या धडधडीला प्रेमाची धडधड म्हणून खपवणं हा लेखनातला खोटेपणा आहे. 'बुप्फेसन्निवात'मध्ये राग आहे, टोमणे आहेत, रुसवे आहेत, पण प्रेम उमलतं ते नायकाच्या मनातला पूर्वग्रह गळून पडल्यावर. शिवाय नायकासाठी दोन बायकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटण्याचा ठरलेला तमाशाही इथे नाही. जिला प्रतिस्पर्धी व्हायला हवं होतं ती चांवाद सुशील आणि समजूतदार आहे, आणि तिलाही देतच्या मित्राच्या, रुएंगच्या रूपाने मनासारखा जोडीदार मिळतो.

मुख्य जोडी उजळून दिसावी म्हणून मालिकेने तिच्या शेजारी एक उदास जोडी ठेवली आहे आणि ती इतिहासातून उचललेली आहे. कथा घडते राजा नाराईच्या कारकिर्दीत, म्हणजे १६५६ ते १६८८ या काळात. आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला तो याच कारकिर्दीच्या मधोमध. नाराईच्या दरबारात कॉन्स्टंटाइन फॉल्कन नावाचा ग्रीक साहसवीर फार वर चढला होता. त्याची बायको मारिया गुयोमार. तिच्या अंगात पोर्तुगीज आणि जपानी रक्त होतं आणि तिचे वडील गोव्याहून तिकडे गेलेले. अंड्याच्या बलकाच्या सोनेरी थाई मिठायांचं श्रेय लोक आजही तिलाच देतात. मालिकेत लुई स्कॉट आणि सुसिरा यांनी ही जोडी साकारली. दोघंही दिसायला राजबिंडे, एकत्र फ्रेममध्ये सुरेख, तरीही त्यांच्यात ऊब नाही आणि ती नसावी हाच हेतू. फॉल्कनला बायकोपेक्षा सत्ता प्यारी. १६८८ च्या उठावात त्याचा शिरच्छेद झाला आणि मारियाला पुढे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात राबावं लागलं. केतसुरांग पुरातत्त्व शिकलेली असल्याने हे सगळं तिला आधीच ठाऊक आहे. मैत्रीण झालेल्या मारियाचं लग्न होत असताना तिच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय हे माहीत असूनही ती बोलू शकत नाही. नायिकेच्या हसऱ्या चेहऱ्यावर मधूनच जी सावली येते, तिचं कारण हे आहे. आपला नायक देतही इतिहासाशी जोडलेला आहे. १६८६ मध्ये व्हर्सायला चौदाव्या लुईसमोर गेलेल्या सयामी वकिलातीतल्या तिसऱ्या दूताची पदवी, खुन सी विसान वाचा, पुढे त्याला मिळते.

एवढं कौतुक केल्यावर मला खटकलेली गोष्टही सांगायला हवी. केतसुरांगचा सगळा गोडवा तिच्या स्वभावात आहे असं मालिका सांगते, पण तिला प्रेम मिळतं ते सडपातळ, गोऱ्यापान काराकेतच्या देहात गेल्यावर. जाड केतसुरांगवर कुणाचं मन जडलं असतं का, हा प्रश्न मालिका टाळते. अयुथ्येच्या सरदारकन्येसाठी जिचे वडील ब्रिटिश आहेत अशी नटी निवडणं हाही त्याच सौंदर्यकल्पनेचा भाग आहे. थाई वाहिन्यांना मिश्र वंशाच्या चेहऱ्यांची ओढ जुनी आहे. बेलाने भूमिकेचं सोनं केलं यात वाद नाही. तरीही जी मालिका चेहऱ्यावरून माणूस ओळखू नका असं शिकवते, तिने चेहरा निवडताना ठरलेलीच वाट धरली.

केमिस्ट्री नटांच्या रक्तातच असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचा इतिहास पाहावा. २०२३ मध्ये हीच जोडी घेऊन 'फ्रोमलिखित' हा पुढचा भाग आला. पोपने त्यात बाप आणि मुलगा अशा दोन्ही भूमिका केल्या आणि बेलाच्या वाट्यालाही नवी दुहेरी भूमिका आली. मालिका पाहिली गेली, पण २०१८ सारखी लाट उसळली नाही. चेहरे तेच होते. ज्याच्यामुळे पहिल्या वेळी प्रत्येक नजरेला अर्थ आला, तो तिरस्कारापासून विश्वासापर्यंतचा लांब रस्ता मात्र दुसऱ्यांदा चालायला उरला नव्हता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जोडी निवडणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं, पटकथेच्या टेबलावर होतं. तिथे एका पात्राला करण्याजोगं काही आणि दुसऱ्याला बदलण्याजोगं काही दिलं गेलं नाही, तर दोन उत्तम नट एकमेकांच्या डोळ्यांत नुसते बघत बसतात. तुम्ही ही मालिका पाहणार असाल तर पहिला भाग पुढे ढकलत पाहू नका. काराकेतचा दुष्टपणा नीट पाहिला नाही, तर देतचं हसू तुम्हाला कळणार नाही.

पुढच्या आठवड्यात : प्रेक्षकांनी मनानेच जुळवलेल्या जोड्या, म्हणजे 'खू-चिन', आणि त्यांच्यावर वाहिन्यांनी उभा केलेला व्यवसाय.