रानडुकराच्या मांसातील ‘साबुदाणा’ येतो कोठून?

उरण म्हटले की आता डोळ्यांपुढे येतात न्हावाशेवा बंदराच्या क्रेन, कंटेनरच्या रांगा आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. मात्र तालुक्याच्या पूर्वेला, १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे इतिहासात नोंदले गेलेले चिरनेर आणि रानसई धरणाचा परिसर या पट्ट्यात डोंगर आणि झाडी अजून शिल्लक आहे. पलीकडे पनवेल तालुक्यात कर्नाळा अभयारण्य. अशा डोंगरालगतच्या भातशेतीत लोंब्या धरू लागल्या की रानडुकरांचा उपद्रव ही कोकणात सर्वत्र ऐकू येणारी तक्रार. कायद्याने बंदी असली तरी रानडुकराची सागोती चोरून शिजते आणि वाटली जाते, हेही कोकणात कोणाला नवीन नाही.

या मांसाविषयी दोन समज घट्ट रुजलेले आहेत. रानातले जनावर कंदमुळे खाते, म्हणून ते गावडुकरापेक्षा स्वच्छ, हा पहिला. डुकराचे मांस खाल्ले की त्यातला जंत थेट डोक्यात चढतो, हा दुसरा. शास्त्राच्या कसोटीवर दोन्ही टिकत नाहीत.

रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर या प्राणिशास्त्राच्या दृष्टीने वेगळ्या जाती नाहीत. दोन्ही ‘सुस स्क्रोफा’च. त्यामुळे पाळीव डुकराला होणारा कृमीचा संसर्ग रानडुकरालाही होऊ शकतो. यात सर्वांत महत्त्वाचा म्हणजे ‘टीनिया सोलियम’ हा टेपवर्म, अर्थात पट्टकृमी. पांढरट फितीसारखा हा कृमी साधारण २ ते ७ मीटर लांब वाढतो. डोके टाचणीच्या टोकाएवढे, त्यावर चार चूषक आणि हुकांची दुहेरी कडी. त्यामागे सुमारे हजार खंडांची साखळी असते आणि पक्व झालेल्या एकेका खंडात ५० हजारांपर्यंत अंडी असू शकतात. हे खंड तुटून विष्ठेवाटे बाहेर पडतात.

विष्ठा कोणाची, हा येथे कळीचा प्रश्न आहे. निसर्गात हा पूर्ण वाढलेला कृमी केवळ माणसाच्या आतड्यात राहतो, डुकराच्या नव्हे. उघड्यावर पडलेल्या मानवी विष्ठेतील अंडी डुकराच्या पोटात गेली की त्यातून निघालेले सूक्ष्म भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि स्नायूंत जाऊन स्थिरावतात. दोन-अडीच महिन्यांत तेथे पाण्याने भरलेले, साबुदाण्याच्या दाण्याएवढे कोश तयार होतात. माणसाने ते मांस कच्चे वा अर्धेकच्चे खाल्ले की कोशातील डोके आतड्याला चिकटते आणि नवा पट्टकृमी वाढू लागतो. म्हणजे रानडुकराच्या मांसात हे दाणे आढळले, तर त्याचा अर्थ एवढाच की ते जनावर कोठेतरी माणसाच्या विष्ठेपर्यंत पोहोचले होते. रान अस्वच्छ नसते. रानाच्या कडेला जाऊन बसणारा माणूस ते करतो. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग एप्रिल २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला खरा, पण शौचालय बांधलेले असणे आणि त्यात बारमाही पाणी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

डुक्कर आणि माणूस यांच्यातील हा दुवा सिद्ध करण्यासाठी जर्मन वैद्य फ्रीडरिख क्यूखेनमाइस्टर याने १८५५ मध्ये जो प्रयोग केला, तो आजच्या नीतिनियमांत कदापि बसणार नाही. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला त्याने नकळत असे कोश खाऊ घातले आणि शिक्षेनंतर शवविच्छेदन केले. कैद्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी चिकटलेले आढळले.

मग मेंदूचे काय?

मांसातील कोश खाल्ल्याने आतड्यात कृमी होतो. मेंदूत गाठ होत नाही. मेंदूतील गाठ होते ती कृमीची अंडी पोटात गेल्याने, म्हणजे नेमके डुकराच्या बाबतीत घडते तेच माणसाच्या बाबतीत घडल्याने. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याने शौचानंतर हात नीट न धुता स्वयंपाक केला, किंवा मैलापाण्यावर वाढलेली पालेभाजी कच्ची खाल्ली गेली, की अंडी पोटात जातात. भ्रूण रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतो, तेथे कोश धरतो, आणि पुढे कधीतरी रुग्णाला फिट येते. मांसाला आयुष्यात न शिवलेल्या माणसाच्या स्कॅनमध्ये ‘टेपवर्मची गाठ’ दिसते तेव्हा घरचे चक्रावतात, त्याचे उत्तर हे आहे. न्यूयॉर्कमध्ये डुकराचे मांस निषिद्ध मानणाऱ्या ज्यू कुटुंबांत असे रुग्ण आढळले, तेव्हा तपासाचा माग घरातच काम करणाऱ्या मदतनिसांच्या पोटातील कृमीपर्यंत गेला. हे संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोबीला आपल्याकडे मिळालेली बदनामी अर्धीच खरी आहे. कोबी कृमी तयार करत नाही, तो फक्त वाहक ठरतो. आणि तसे गाजर, मुळा, कोथिंबीरही ठरू शकतात.

या रोगाचा भारताशी संबंध जुना. भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना काही वर्षांनी फिट येऊ लागल्या. अशा ४५० रुग्णांचा अभ्यास ब्रिटनमध्ये १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार त्या जिल्ह्यातील अपस्माराच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांमागे हाच कृमी होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले.

रानडुकरात सापडणारे सगळेच कोश मात्र या कृमीचे नसतात. पोट फाडल्यावर यकृतावर किंवा आतड्याभोवतीच्या पडद्यावर लोंबणारी, लिंबाएवढी पातळ पिशवी दिसली, तर ती बहुधा ‘टीनिया हायडॅटिजेना’ची असते. हा कृमी कुत्र्यांच्या आतड्यात वाढतो आणि माणसाला सहसा लागत नाही. त्याचा नात्यातला ‘एकायनोकॉकस’ मात्र धोकादायक. कुत्र्याच्या आतड्यात तो जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षे वाढणारी पाण्याची गाठ होते. ‘हायडॅटिड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गाठीसाठी अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ येते. जनावर सोलताना यकृत-आतडी जवळच्या कुत्र्यांपुढे फेकण्याची रीत सर्रास दिसते. या कृमीचे चक्र पूर्ण होते ते तेथेच.

तपासणीविना मांस

कत्तलखान्यात पशुवैद्यक जिभेला, जबड्याच्या स्नायूला, हृदयाला छेद देऊन कोश आहेत का ते पाहतो. रानडुकराच्या वाट्याला ही तपासणी येणे शक्य नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची विनापरवाना शिकार हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ते तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत गेले. पिकांच्या नुकसानीमुळे वनखात्याच्या परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता ठरते. म्हणजे ताटात येणारे मांस बेकायदाच असते, आणि बेकायदा मांस कोणी डॉक्टरला दाखवत नाही. शेतकऱ्याचे नुकसान खरे असले तरी त्याची भरपाई या सागोतीतून होत नाही.

शिजवण्याची पद्धत येथे निर्णायक ठरते. मांसाच्या आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता पोहोचली की कोश मरतात. रश्श्यात तासभर रटरटलेल्या तुकड्यात ते जगत नाहीत. निखाऱ्यावर वरवर भाजलेल्या आणि आतून लालसर राहिलेल्या तुकड्यात जगू शकतात. मीठ लावून वाळवणे किंवा धुरी देणे यावर विसंबता येत नाही. मात्र मांस कितीही शिजवले तरी अंड्यांपासून संरक्षण मिळत नाही. तेथे उपयोगी पडतो तो साबण, पाण्याची सोय असलेला संडास आणि स्वच्छ धुतलेली भाजी.

विष्ठेत पांढरे, चपटे, शेवईच्या तुकड्यासारखे खंड दिसणे ही पट्टकृमीची ठळक खूण. शाळांमध्ये जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या गोल जंतांसाठी असते. पट्टकृमीसाठी ती पुरेशी मानता येत नाही. त्यावर निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वान्टेल ही औषधे आहेत. प्रौढ वयात प्रथमच फिट आली, तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ न दवडता मेंदूचे स्कॅन करून घ्यावे लागते. औषधांच्या दुकानातून परस्पर गोळी आणून घेण्याचा मोह तर टाळायलाच हवा. मेंदूत कोश असतील आणि त्यांची कल्पना नसताना प्राझिक्वान्टेल पोटात गेले, तर मरणाऱ्या कोशांभोवती सूज येऊन फिट वाढू शकतात. म्हणूनच अशा रुग्णांना कृमिनाशकाबरोबर सूज आवरणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात.