शब्द कळले, बोलणें कळलें काय?

मराठी शिकूं लागलेल्या एखाद्या परकीय गृहस्थाची कल्पना करावी. ‘खाणें’ ह्या क्रियापदाचा अर्थ त्याला पहिल्याच आठवड्यांत समजलेला असतो. पुढें त्याच्या कानांवर एकामागून एक वाक्यें येतात : पोरानें मार खाल्ला, कारकुनानें पैसे खाल्ले, पाहुण्यानें डोकें खाल्लें, लग्नांत विहीणबाईंनीं भाव खाल्ला, आणि आजोबा संध्याकाळीं चौपाटीवर हवा खावयास गेले. ह्यांपैकीं एकाच्याहि पोटांत अन्नाचा कण गेलेला नाहीं. मराठी घरांतील लहान मुलाला हीं पांचहि वाक्यें विनासायास कळतात. त्या गृहस्थाला मात्र शब्दकोश हातांत असूनहि कांहीं उमगत नाहीं. इंग्रजी संभाषण ऐकतांना सुशिक्षित मराठी माणसाची जी अडचण होते ती नेमकी हीच. शब्द सारे ओळखीचे, वाक्य मात्र अनोळखी.

ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यांतील शब्दांच्या अर्थांची बेरीज करून निघत नाहीं, त्यास वाक्संप्रदाय म्हणतात. म्हण हें स्वतंत्र वाक्य असतें, आणि त्यांत बहुधा कांहीं अनुभव किंवा उपदेश सांगितलेला असतो. वाक्संप्रदाय हा वाक्याचा एक अवयव असतो. इंग्रजींत ह्या विषयावर ब्रूअर यांचा प्रसिद्ध कोश १८७० सालीं निघाला. मराठींत दाते आणि कर्वे यांनीं ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध करून मोठीच उणीव भरून काढली. असे कोश अर्थ देतात. परंतु समोरासमोरच्या बोलण्यांत कोश उघडण्यास सवड नसते. तेथें तीन गोष्टींचें भान असलें कीं पुष्कळ काम भागतें. वाक्संप्रदायांतील चित्र कोठून आलें ? मराठींतील तसेंच दिसणारें चित्र फसवीत तर नाहीं ना ? आणि हें वाक्य कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगीं म्हणत आहे ? ह्यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच शाळेंत शिकविला जात नाहीं.

प्रथम चित्राचा विचार करूं. इंग्रज हे समुद्रानें वेढलेल्या बेटावरचे लोक. त्यामुळें शिडाच्या जहाजांवरील कितीतरी शब्द त्यांच्या दिवाणखान्यांत येऊन बसले आहेत. वारा एकाएकीं समोरून येऊन शिडें डोलकाठीवर उलटीं दाबलीं गेलीं म्हणजे चालतें जहाज जागच्या जागीं अडखळे. ह्या अवस्थेला ‘टेकन अबॅक’ म्हणत. आज तेच शब्द अनपेक्षित गोष्टीनें क्षणभर स्तंभित झालेल्या माणसास लावतात. वारा अनुकूल असो वा जवळजवळ समोरून येवो, दोन्ही वेळीं जहाज नीट चालतें, ह्या अर्थाच्या नाविकी शब्दांपासून ‘बाय अँड लार्ज’, म्हणजे ‘एकंदरींत पाहतां’, हा प्रयोग आला. ‘नोइंग द रोप्स’ म्हणजे कामांतल्या खाचाखोचा माहीत असणें. कारण जहाजावर कोणता दोर कशासाठीं आहे हें ज्याला ठाऊक तोच खरा खलाशी.

दुसरा मोठा झरा बायबलाचा. त्याचें १६११ सालचें इंग्रजी भाषांतर पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वाचलें गेलें, आणि त्यांतील प्रसंग बोलण्यांत मुरले. बेलशज्जर राजाच्या मेजवानींत एका अदृश्य पुरुषाच्या बोटांनीं भिंतीवर त्याच्या नाशाचीं अक्षरें लिहिलीं. म्हणून डोळ्यांपुढें दिसत असलेल्या अनर्थाच्या चिन्हाला ‘द रायटिंग ऑन द वॉल’ म्हणतात. ‘स्केपगोट’ हा शब्द विल्यम टिंडेल यानें १५३० च्या आपल्या भाषांतरांत घडविला. मराठींत त्यासाठीं ‘बळीचा बकरा’ म्हणतात, आणि व्यवहारांत तें चालतेंहि. तथापि मूळ कथेंत बकरे दोन आहेत : एकाचा बळी दिला जातो, आणि दुसऱ्याच्या माथीं सर्व लोकांचीं पापें ठेवून त्याला जिवंत रानांत सोडून देतात. ‘स्केपगोट’ तो हा दुसरा. म्हणून ह्या शब्दांत मारलें जाण्यापेक्षां दुसऱ्यांचा दोष माथीं येणें हा भाव मुख्य आहे.

क्रिकेटचे प्रयोग मुंबईकरांस निराळे समजावून सांगावयास नकोत. तरीहि ‘स्टिकी विकेट’ हा प्रयोग जुन्या खेळाची आठवण ठेवून ऐकावा. पूर्वीं खेळपट्ट्या झांकीत नसत. पावसानें भिजलेल्या पट्टीवर ऊन पडलें कीं ती चिकट होई, आणि चेंडू कसा उसळेल ह्याचा भरंवसा नसे. अशा पट्टीवर उभा राहिलेला फलंदाज म्हणजे अडचणींत सांपडलेला माणूस.

हवामानहि भाषेंत उतरतें. मराठी माणसाचें सुख थंड असतें : मुलाला पाहून डोळे निवतात, चांगली वार्ता ऐकून जीव गार होतो. गारठ्यांत राहणाऱ्या इंग्रजाचें सुख उबेंत आहे. म्हणून त्याचें मनःपूर्वक स्वागत ‘वॉर्म’ असतें, आणि उपेक्षा करावयाची तर तो ‘कोल्ड शोल्डर’ देतो. ‘ब्रेक द आइस’ ह्याचें चित्रहि त्याच थंडींतलें. गोठलेल्या पाण्यांतून नाव न्यावयाची तर आधीं बर्फ फोडावें लागे. लंडनला टेम्स नदी कांहीं हिवाळ्यांत इतकी गोठे कीं तिच्यावर जत्रा भरत. तशी शेवटची जत्रा १८१४ सालीं भरली. अनोळखी मंडळींच्या बैठकींतील अवघडलेपण मोडून बोलण्याला वाट करून देणें, हा त्याचा आजचा अर्थ.

आतां दुसरा प्रश्न. अगदींच अपरिचित चित्र असेल तर माणूस सावध होतो. ओळखीचें चित्र दिसलें कीं तो फसतो. हात धुण्याचेंच उदाहरण घ्यावें. मराठींत एखाद्याच्या ‘हात धुऊन पाठीमागें लागणें’ म्हणजे त्याचा पिच्छा न सोडणें, आणि ‘वाहत्या गंगेंत हात धुऊन घेणें’ म्हणजे आयत्या संधीचा लाभ घेणें. इंग्रजींत एखाद्या प्रकरणांतून ‘हात धुणें’ म्हणजे त्याची जबाबदारी साफ झटकून टाकणें. येशूला शिक्षा देतांना पिलातानें लोकांसमोर हात धुतले, तेथून तें आलें. ह्या अर्थानें बोलणाऱ्या इंग्रजानें प्रकरण सोडलेलें असतें, आणि ऐकणाऱ्या मराठी माणसास वाटतें कीं आतां हा हात धुऊन मागें लागणार ! तशीच गत पायाची. मराठींत दुसऱ्याचा पाय ओढणें म्हणजे त्याची प्रगति सहन न होऊन त्याला खालीं खेंचणें. इंग्रजींत ‘पुलिंग समवन्स लेग’ म्हणजे नुसती थट्टा. मित्रानें हंसत हंसत हें सांगितलें असतां त्यांत द्वेषाची कबुली ऐकणें हा त्या मित्रावर अन्याय होईल.

ह्याहून कमी दिसणारी आणि रोज भेटणारी अडचण आहे ती लहान लहान क्रियापदांची. ‘पुट’ म्हणजे ठेवणें. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणें, ‘पुट आउट’ म्हणजे दिवा अथवा आग विझविणें, आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणें. ह्यांत चित्र शोधण्यांत फारसा लाभ नाहीं. मराठींतील ‘खाणें’ जसें कानानेंच शिकावें लागतें तसेंच हेंहि शिकावें.

तिसरा प्रश्न प्रसंगाचा आणि स्वराचा. संकट असो कीं आनंद, तो आहे त्याहून कमी करून सांगण्याची इंग्रजांची रीति आहे. मराठी माणसाचा कल बहुधा उलट असतो : थोडें चालणें झालें कीं पायांचे तुकडे पडतात, आणि जेवणाला उशीर झाला कीं भुकेनें जीव जातो. साहजिकच ‘नॉट बॅड ॲट ऑल’ ही त्याला कशीबशी दिलेली पसंति वाटते. इंग्रजाच्या तोंडीं ती चांगलीच शाबासकी असूं शकते. उलट निबंधावर ‘क्वाइट गुड’ असा शेरा पाहून विद्यार्थ्यानें हुरळून जाऊं नये. शेरा मारणारा इंग्रज असेल तर तो बहुधा ‘बरा आहे’ इतकेंच म्हणत असतो. अमेरिकन असेल तर खरोखरच प्रशंसा करीत असतो.

हा भेद किती महाग पडूं शकतो ह्याचीं उदाहरणें युद्धाच्या इतिहासांत आहेत. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज व अमेरिकन अधिकाऱ्यांत एक विषय ‘टेबल’ करण्यावरून लांबलचक वाद झाल्याची हकीकत चर्चिल यांनीं लिहून ठेविली आहे. इंग्रजांच्या मतें त्याचा अर्थ विषय लगेच चर्चेस घेणें. अमेरिकनांच्या मतें तो बाजूला ठेवणें. दोन्ही पक्षांस हवें होतें तें एकच ! हा प्रकार हंसण्यावारीं गेला. दुसरा तसा नव्हता. १९५१ च्या एप्रिलमध्यें कोरियांत इमजिन नदीच्या कांठीं ग्लॉस्टरशर रेजिमेंटची ब्रिटिश पलटण चिनी सैन्याच्या वेढ्यांत सांपडली. ब्रिगेडियर ब्रोडी यांनीं वरिष्ठ अमेरिकन सेनापतीस परिस्थिति ‘जराशी स्टिकी’ असल्याचें सांगितलें, असें ह्या लढाईच्या वृत्तांतांत नमूद आहे. इंग्रजी रीतीनें ह्याचा अर्थ प्राणावर बेतलें आहे. अमेरिकन कानाला तें ‘थोडी अडचण आहे, पण निभेल’ असें ऐकूं आलें. त्या पलटणीचे पांचशेंहून अधिक सैनिक कैद झाले. पराभवाला कारणें अनेक होतीं. परंतु दोघांचीहि मातृभाषा इंग्रजी असतां एका शब्दानें असें अंतर पडावें, ही गोष्ट भाषा शिकणाऱ्यानें विसरूं नये.

घरगुती व्यवहारांत इतकें मोठें संकट येत नाहीं, पण मनें दुखावतात. ‘हाउ डू यू डू’ हा प्रश्न दिसतो; त्याला उत्तर तेच शब्द उलट म्हणण्याचें आहे, संधिवाताचा इतिहास सांगण्याचें नाहीं. ‘आय ॲम अफ्रेड’ ह्यानें आरंभ झालेल्या वाक्यांत पुष्कळदां भीति मुळींच नसते. पुढें सौम्य नकार येत असतो. ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ असें म्हणणारा बहुधा विरोध करण्याच्या तयारींत असतो. ‘यू मस्ट कम टु डिनर समटाइम’ ह्या शब्दांवर विसंबून परदेशीं नवाच गेलेला विद्यार्थी कित्येक आठवडे वाट पाहतो, आणि इंग्रज माणूस खोटा असा निष्कर्ष काढतो. वास्तविक वार आणि वेळ सांगितली तर तें आमंत्रण. एरवीं तो निरोप घेण्याचा सभ्य प्रकार. मराठींत तरी दुसरें काय आहे ? ‘या एकदां घरीं’ ह्यांत तिथि नसते. ‘काय, कुठें निघालांत ?’ ह्यांत चौकशी नसते. आणि घरीं जावयास निघालेला मनुष्य ‘येतों’ असें म्हणतो; हें ऐकून एखादा परकीय दारांत त्याच्या परतण्याची वाट पाहत उभा राहिला, तर लबाड कोणास म्हणावें ?

म्हणून वाक्याचा शब्दशः अर्थ प्रसंगाशीं जुळेनासा झाला कीं क्षणभर थांबावें, आणि तरीहि उमगलें नाहीं तर सरळ विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. ऐकलेला प्रयोग टिपून ठेवतांना सबंध वाक्य, बोलणारा आणि प्रसंग हीं तिन्हीं लिहावीं. नुसत्या याद्या पाठ करून परीक्षा सुटते, संभाषण सुटत नाहीं. वाक्संप्रदाय समजावे पुष्कळ, वापरावे थोडे. शाळेंत पहिल्या दिवसांपासून शिकविला जाणारा कुत्र्यामांजरांचा पाऊस इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यांत क्वचितच पडतो, आणि त्याचा उगमहि निश्चित झालेला नाहीं. शिवाय वाक्संप्रदायांत अदलाबदल खपत नाहीं. मराठींत पाऊस मुसळधारच पडतो. मुसळाऐवजीं वरवंटा घातला तर ऐकणारे हंसतील. परक्या भाषेंत साधें, नेमकें बोलणाऱ्याला कोणी हंसत नाहीं. आणि दुसऱ्याच्या शब्दामागचा हेतु ज्यानें ओळखला, त्याला त्या भाषेंत मित्र मिळावयास उशीर लागत नाहीं.