तीन वर, तीन खाली, तरी रेषा चूकच

विज्ञानाच्या प्रॅक्टिकलमध्ये एक नियम कायम कानावर पडतो : आलेखावर बिंदू विखुरलेले दिसले की निम्मे वर आणि निम्मे खाली राहतील अशी रेषा मारायची, हीच ‘बेस्ट फिट’. मुलं टिंबं मोजतात, आकडा जुळला की पेन्सिल खाली ठेवतात. नियम साफ चुकीचा आहे. पटत नसेल तर आलेखाचा कागद घ्या.

(१,१), (२,२) असे करत (६,६) पर्यंत सहा बिंदू मांडा. ते एका तिरक्या रेषेवर आहेत, हे सांगायला गणित लागत नाही. आता ३.५ या उंचीवर आडवी रेषा ओढा. तीन बिंदू वर, तीन खाली. नियम तंतोतंत पाळला, आणि क्ष वाढला की य वाढतो ही मुख्य गोष्टच रेषेतून गायब झाली!

यावर थोडं हुशार उत्तर येतं : ‘संख्या नव्हे, अंतरं सारखी हवीत.’ बरं. आडव्या रेषेपासून वरच्या बिंदूंची अंतरं ०.५, १.५, २.५, खालच्यांचीही तीच. बेरीज जुळली, रेषा अजून चूकच. कारण सरासरी बिंदूतून, इथे (३.५, ३.५) मधून, जाणारी उभी सोडून कोणतीही रेषा हा तोल साधते. सर्वोत्तम रेषेचा चढ ठरतो तो दुसऱ्या अटीने : प्रत्येक बिंदूच्या रेषेपासूनच्या उभ्या अंतराचा वर्ग करा आणि त्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवा. आडव्या रेषेला ती १७.५ येते, तिरक्या रेषेला शून्य. फ्रेंच गणितज्ञ लेजांद्र यांनी ही रीत १८०५ मध्ये छापली. आपण अजून टिंबं मोजतोय.

हातानेच रेषा काढायची असेल, तर सरासरी बिंदू मांडून पारदर्शक पट्टी त्याच्याभोवती फिरवा. चढत्या रेषेत डावीकडचे बिंदू खाली आणि उजवीकडचे वर साचत असतील, तर पट्टी आणखी उभी करा. उलट असेल तर आडवी. मात्र नजर फसवते. संख्याशास्त्रज्ञ मॉस्टेलर आणि सहकाऱ्यांच्या १९८१ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी नजरेने काढलेल्या रेषांचा कल गणिती रेषेपेक्षा जास्त उभं असण्याकडे होता.

बाकीचे गैरसमज झटपट :

‘पहिला आणि शेवटचा बिंदू जोडा.’ मग मधली मापं घेतली कशाला?

‘जास्तीत जास्त बिंदूंतून जायला हवी.’ एकाही बिंदूला न शिवणारी रेषाही सर्वोत्तम असू शकते.

‘शून्यातून गेलीच पाहिजे.’ साध्या लंबकाची लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली, तर लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांची रेषा शून्य चुकवते. पण चढ बिघडत नाही, त्यातून गुरुत्व त्वरण नीट मिळतं. ओढूनताणून शून्यातून नेली, की तेही गेलं.

‘दूरचा बिंदू खोडून टाका.’ आधी माप पुन्हा घ्या. कारण न शोधता खोडणं ही लबाडी आहे.

‘एक्सेलने काढली म्हणजे बरोबरच.’ संख्याशास्त्रज्ञ अँस्कम यांनी १९७३ मध्ये चार आकडेसंच दिले. चारही संचांची रेषा जवळजवळ तीच : य = ३ + ०.५क्ष. आलेख मांडले तर एकात चक्क वक्र दिसतो, आणि दुसऱ्या एकात रेषेचा सगळा चढ एकाच बिंदूवर लटकलेला असतो. हे एक्सेल सांगत नाही. त्यासाठी बिंदूंकडे बघावं लागतं.